तिचा विषय तिला मांडू द्या

प्रश्न : मुलगी इतिहासात एम. ए. आहे, ६८ टक्के. जर्मनीत शिक्षण मोफत असल्याने तिला तिथे पीएचडीला पाठवायचे ठरवले आहे. तिला पूर्व जर्मनीच्या कारखान्यांतल्या बायकांवर काम करायचे आहे, पण त्याला स्कोप नाही. म्हणून मी विषय ‘भारत-जर्मनी व्यापारसंबंध’ असा केला आणि तिच्या नावाने चाळीस प्राध्यापकांना ईमेल पाठवले. एकाचेही उत्तर नाही. प्रवेश परीक्षा कधी असते?
– एक पालक, नाशिक

उत्तर : परीक्षेचं नंतर पाहू. आधी ते ईमेल थांबवा. मुलगी एम. ए. झालेली, सज्ञान आहे. तिच्या नावाने पत्रव्यवहार तुम्ही करता, विषय तुम्ही बदलता, आणि तुमच्या पत्रात तिच्या म्हणण्याला एकच वाक्य मिळालंय, तेही खोडून काढण्यासाठी. मला तिच्या टक्क्यांची नाही, याची काळजी वाटते. उद्या एखाद्या प्राध्यापकाने व्हिडिओ कॉलवर विचारलं, ‘व्यापारसंबंधच का?’ तर उत्तर कोण देणार? आणि दुसऱ्याने निवडलेला विषय परमुलखात चार-पाच वर्षं एकटीने ओढायचा, हे तुम्ही तिच्यावर का लादताय?

शिवाय तिचा विषय तुमच्यापेक्षा भक्कम आहे. पूर्व जर्मनी १९४९ ते १९९० एवढाच काळ टिकला आणि तिथल्या बहुसंख्य बायका नोकरी करत. सत्ताधारी पक्ष, कामगार संघटना, महिला संघटना यांची दफ्तरं बर्लिनला बुंडेसआर्काइव्ह या केंद्रीय अभिलेखागारात आहेत. गुप्त पोलिसांच्या, म्हणजे ‘श्टाझी’च्या फायलीही २०२१पासून त्याच संस्थेकडे आहेत. शेजारच्या पॉट्सडॅममध्ये समकालीन इतिहासाची एक मोठी संशोधन संस्था याच काळावर काम करते. नाशिकमध्ये राहून जिला हा विषय सुचला, तिने नक्की काहीतरी वाचलंय. काय वाचलं, हे तिला कधी विचारलंत?

आता परीक्षा. आपल्याकडे ‘पेट’सारखी पीएचडीची प्रवेश परीक्षा द्यायची, मग गाइड मिळतो. जर्मनीत इतिहासाच्या पीएचडीला अशी सामाईक परीक्षा नाही. काही ठिकाणी पीएचडीचे ठरीव कार्यक्रम असतात, त्यांना रीतसर अर्ज करायचा. पण बहुतेक जण आधी प्राध्यापक शोधतात. त्याला आपल्या संशोधनाचा आराखडा पाठवायचा, या आराखड्याला तिथे ‘एक्स्पोझे’ म्हणतात. माझा प्रश्न कोणता, आधीच्या अभ्यासकांनी काय म्हटलंय, माझी कागदपत्रं कुठल्या अभिलेखागारात आहेत, हे त्यात हवं. प्राध्यापकाने मार्गदर्शनाची लेखी तयारी दाखवली की मग विद्यापीठाकडे नोंदणी. चाळीस जणांना एकच मजकूर गेला की तो कुणासाठीच लिहिलेला नाही हे लगेच कळतं.

‘मोफत’बद्दल थोडं. सरकारी विद्यापीठांत पीएचडीला सहसा शिकवणी शुल्क नसतं, पण घरभाडं, आरोग्यविमा, जेवण तर आहेच. त्यासाठी डाड (DAAD) या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची शिष्यवृत्ती, राजकीय पक्षांशी जोडलेल्या प्रतिष्ठानांच्या शिष्यवृत्त्या किंवा प्राध्यापकाच्या हाताखाली अर्धवेळ नोकरी, हे मार्ग आहेत. तिन्हीकडे चुरस आहे. पीएचडीनंतर तिथेच कायमची प्राध्यापकी मिळेल असं धरून चालू नका. विद्यापीठांत कायम जागा फार थोड्या आहेत. इथल्या प्राध्यापकीसाठीची नेट-सेट तिने द्यावीच.

तुमच्या पत्रात जर्मन भाषेचा उल्लेखच नाही. प्रबंध काही ठिकाणी इंग्रजीत लिहिता येतो, पण त्या कारखान्यांची कागदपत्रं जर्मनमध्येच आहेत. तिला भाषा येत नसेल तर यंदा अर्ज नकोच. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. विषयासाठी सी-वन या भाषेच्या प्रगत पातळीपर्यंत जावं लागेल आणि शून्यापासून तिथवर पोचायला एका वर्षाहून जास्त वेळ लागतो. तुम्हाला खर्च करायचाच असेल तर तो इथे करा.

पुढचं पत्र मला तिच्याकडून हवं. दोन पानं पुरेत : त्या बायकांबद्दल तिला नेमकं काय शोधायचंय आणि का. ते वाचल्यावर कोणत्या प्राध्यापकांना लिहायचं, हे मी तिच्याशीच बोलेन.