चोवीस वर्षांच्या मुलाला पालक कशाला?

सांगलीच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा 24 वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी. वॉकर घेऊन चालतो, बोलणं अडखळतं, घरून अभ्यास करून बी.कॉम. झाला, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येतं. ते विचारतात, ‘घरबसल्या एखादं हलकं काम सुचवा. कायदेशीर पालकत्वाचा दाखला कसा काढायचा? आमच्यामागे त्याचं कसं होणार?’

नमस्कार. दोन पानी पत्रात मुलाला स्वतःला काय करायचंय, याची एक ओळ नाही. उसाचा रस अंगावर सांडतो म्हणून त्याला रसवंतीवर नेणं बंद केलंत, हे मात्र आहे. मला हेच सर्वांत जास्त खटकलं. शर्ट धुता येतो हो! त्याला चारचौघांत जाऊ द्या.

आता दाखला. सेरेब्रल पाल्सी आहे म्हणजे पालक नेमावाच लागतो, हा गैरसमज आहे. अठरा पूर्ण झाले, तो सज्ञान झाला. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची जिल्ह्याची समिती पालक नेमू शकते, पण मुळात गरज आहे का, हे तिला आधी पाहावं लागतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने बँक खातं आणि मालमत्तेचा हक्क त्याला इतरांसारखाच दिलाय. जीभ अडखळते म्हणून बुद्धीही अडखळते, असं होत नाही. काहींना बौद्धिक अडचण असते, पण हा मुलगा टॅलीवर ताळेबंद जुळवतो! त्याच्या सहीची किंमत तुम्हीच का घालवताय?

सरकारी भरतीत दिव्यांगांच्या 4 टक्के जागांत त्याचा गट आहे आणि बँकांच्या परीक्षांत लेखनिक, जादा वेळ मिळतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा. पण मी असतो तर आधी मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानांत विचारलं असतं. त्यांना टॅलीवाला लागतोच. अर्धा दिवस, तळमजल्यावरची जागा. कीबोर्डवर भोकांची जाळी बसवली की बोट शेजारच्या बटणावर घसरत नाही. मोठा झाला म्हणून फिजिओथेरपी थांबवलीत, ती परत सुरू करा. मेंदूतली इजा वाढत नाही, पण वयाबरोबर आखडणं, दुखणं, थकवा वाढू शकतो.

तुमच्यामागची काळजी असेल, तर तुम्ही आहात तोवरच त्याला एकट्याला रिक्षाने बँकेत जाऊ द्या. वेळ लागेल, लोक बघतील, बघू देत.

पुढचं पत्र त्याचं येऊ द्या. टाइप करणं जड जात असेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवू दे, मी सावकाश ऐकेन. लग्नाचा ‘विषयच नाही’ असं तुम्ही लिहिलंय. तो आहे की नाही, तेही त्यालाच सांगू दे.