रिंगांचं जमेल, आधी तो दुसरा हप्ता थांबवा

कोथरूडच्या एका निवृत्त वाचकांकडे वडिलांची १९७१ची फियाट ११०० आहे. चारही चाकांवरच्या ट्रिम रिंगांना (चाकाच्या कडेवर शोभेसाठी बसवलेल्या चकचकीत गोल पट्ट्या) पोचे पडलेत, रिंगा वडिलांनीच हौसेनं बसवलेल्या. ठोकून, बफिंग करून द्यायचे ७ हजार, नवा सेट ३२ हजार. ते लिहितात, "मार्चमध्ये बँकेतल्या नव्या एफडीचा दोन लाखांचा दुसरा हप्ता भरायला जुनी एफडी मोडणारच आहे. त्यातच नवा सेट बसवू का? गाडी चकाचक झाली की लग्नांना भाड्यानं देऊन पुढचे हप्ते सुटतील." वय ६१, पेन्शन महिना ४० हजार.

रिंगा स्टेनलेसच्या असतील तर डोळे झाकून दुरुस्त करा. त्यांना मुलामा नसतो. पोचा मागून ठोकून काढला, घासून बफ मारला की झालं. रिंगा क्रोमच्या असतील आणि मुलामा उडून गंज धरला असेल तरच नव्याचा विचार. आणि फियाटचं चाक १४ इंची असतं. जुन्या बाजारात स्वस्त मिळाली म्हणून ॲम्बॅसॅडरची १५ इंची रिंग उचलून आणू नका.

भाड्याचं विसरा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं देता येत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. पन्नाशी उलटलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवली, तरी व्यावसायिक वापराला बंदीच.

आता मूळ दुखणं. अहो, एफडीला दुसरा हप्ता नसतो! तुम्ही पाठवलेल्या फोटोत स्पष्ट दिसतंय: दहा वर्षं हप्ते, वीस वर्षांची मुदत. ही विमा पॉलिसी आहे. प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे पॉलिसीच्या अर्जावर, तुमचं वार्षिक उत्पन्न १२ लाख लिहिलंय. पेन्शन धरली तर ते होतं ४ लाख ८० हजार. सही तुमची, अक्षर दुसऱ्याचं. तो कागद जपून ठेवा.

हिशोब करू. २० लाख भरायचे आणि वयाच्या ८१व्या वर्षी ३४ लाख घ्यायचे. म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के. त्यासाठी महिन्याला साडेसोळा हजार बाजूला काढून २३ हजारांत घर चालवायचं. "पण भरलेले दोन लाख बुडतील ना?" समजा, सगळे बुडाले. उरलेले नऊ हप्ते दरवर्षी साध्या एफडीत सहा टक्क्यांनी टाकले तरी त्याच वर्षी ४३ लाखांच्या आसपास होतात. बुडवूनसुद्धा तुम्ही पुढेच!

आणि सगळे बुडतीलच असं नाही. पॉलिसी परत करायची ३० दिवसांची मुदत गेली, हे खरं. पण पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४नंतरची असेल तर पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर हातात येणारी रक्कम, मिळते; आकडा कंपनीकडून लेखी मागा. त्याआधी, एफडी सांगून पॉलिसी गळ्यात मारली अशी लेखी तक्रार कंपनीकडे करा, फॉर्मची प्रत जोडा आणि पूर्ण पैसे परत मागा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी निकाली काढणाऱ्या, पुण्यातल्याच विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. बँकेतली मंडळी 'आता थांबवलं तर नुकसान' म्हणून फोन करतील. त्यांना म्हणा, हेच लिहून द्या.

जुनी एफडी मोडू नका, रिंगांचे ७ हजार पेन्शनमधून जातील. फक्त गॅरेजवाल्याला सांगा, रिंग काढताना एकाच जागी स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नकोस, चहूबाजूंनी थोडी थोडी सैल कर. निम्मे पोचे तिथूनच पडतात.