वारीवरचा निबंध आणि सायटेशन: कुठलं वाक्य कोणाचं?

तुझा प्रश्न असा की रिलिजन स्टडीजच्या कोर्सला वारीवर निबंध लिहायचाय, फक्त वाचनयादीतलेच सोर्स चालणार, त्यातले डरखाईम (फ्रेंच समाजशास्त्रज्ञ) आणि इरावती कर्वे (मानववंशशास्त्रज्ञ) घेतलेत, तर प्रत्येक वाक्यामागे सायटेशन, म्हणजे ते कुठून घेतलं त्याचा संदर्भ, टाकायचं का. मी काही वर्षं टीए (प्राध्यापकांचा सहाय्यक) म्हणून असेच पेपर तपासलेत त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

प्रत्येक वाक्याला नको. कुठलं वाक्य कोणाचं हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, बस. तुझ्या ड्राफ्टमधलं हे बघ: ‘वारीत पवित्र आणि लौकिक असा भेद दिसतो (डरखाईम 1912)’. अरे, त्या पुस्तकात वारीचं नावसुद्धा नाही, ते ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या टोटेमवर, म्हणजे कुळाचं पवित्र चिन्ह मानलेल्या प्राण्या-झाडांवर, उभं आहे! वाक्याचे दोन तुकडे कर. आधी पवित्र म्हणजे तो नेमकं काय म्हणतो ते, पान नंबरासकट. मग पालखीतल्या पादुकांना लोक कसे वागवतात त्याला ही कल्पना कशी लागू पडते ते, आणि तिथे त्याचं नाव लावू नकोस, ते तुझं आहे. मी तरी मार्क त्या दुसऱ्या वाक्यालाच द्यायचो.

आता ‘कर्वे यांच्या मते वारीत सगळे समान असतात’ हे कुठून आणलंस? हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण बाईंनी जवळजवळ उलटं लिहिलंय. त्या स्वतः दिंडीबरोबर चालल्या, अभंग सगळे मिळून म्हणतात, वाट एकच, आणि जेवायला बसताना ब्राह्मण वेगळे मराठे वेगळे, हे त्यांना लागलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. तुझा सोर्स तुझ्या मुद्द्याला आडवा जात असेल तर तो लपवू नकोस, त्यावरच एक परिच्छेद लिही, डरखाईम म्हणतो धर्म माणसांना एका समाजात बांधतो, मग इथे पंगत का तुटते? तुझा निबंध इथेच आहे बघ.

बाकी बारीकसारीक. पीडीएफचं पान आणि छापील पान वेगळं असतं, कर्व्यांचा इंग्रजी लेख 1962 च्या जर्नल ऑफ एशियन स्टडीजमध्ये पान 13 ते 29 वर आहे, त्यामुळे तू दिलेलं ‘पान 5’ असूच शकत नाही. डरखाईमचं 1912 हे मूळ फ्रेंचचं साल, तू वापरतोयस ते भाषांतर 1995 चं असेल तर तेही सांग, कारण पानं त्याचीच देणार. तुकोबांचा अभंग घेतलास तर कुठली गाथा ते लिही, प्रत्येक गाथेत क्रमांक वेगळे. प्रोफेसर वर्गात बोलले ते लेक्चर म्हणून तारखेसकट देता येतं पण ते ज्या वाचनावरून बोलले ते उघडून तिथूनच घेतलेलं बरं.

बाईंचा लेख 17 पानांचाच आहे, आज रात्री अख्खा वाच आणि मग तो समानतेचा परिच्छेद नव्याने लिही. इथे टाकलास तर मी बघेन.