जिन्यावरचा डोंगर : ट्रेल रनिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

हिवाळ्यातल्या सह्याद्रीतल्या ट्रेल रनिंगच्या, म्हणजे डोंगर-जंगलातल्या पायवाटांवर पळण्याच्या, शर्यतींची नावनोंदणी झाली, की आमच्याकडे पत्रं सुरू होतात. यंदा आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत उतरणीचा त्रास आहे, चढाबद्दल जवळजवळ कोणी विचारत नाही. म्हणून उत्तरांतही उतरणीला जास्त जागा दिली आहे.

दोन-तीन हाफ मॅरेथॉन (21 किलोमीटर) सव्वादोन तासांच्या आत पूर्ण केल्या आहेत. डिसेंबरात 50 किलोमीटरच्या ट्रेल शर्यतीत नाव घातलंय, एकूण चढ 2000 मीटर. राहायला दादरला, नोकरी लोअर परळला, सुट्टी फक्त रविवारी. चार महिने आहेत. डोंगर आणायचा कुठून?
— एक वाचक, दादर

आधी घड्याळातला 'किलोमीटरला किती मिनिटं' हा आकडा बंद करा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक ठोकताळा दिला होता : दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने तुमची शर्यत चालणाऱ्याला तेरा तास वीस मिनिटांची पडते. तुम्ही सपाटीवर आणि सोप्या उतारावर पळणार, त्यामुळे वेळ बराच कमी होईल. पण सव्वादोन तासांच्या हाफ मॅरेथॉनवरून पन्नासचा अंदाज का बांधू नये, हे यातून कळतं. सराव तासांत आणि चढाच्या मीटरमध्ये मोजायचा.

मुंबईत डोंगर नसला तरी जिने आहेत. एक मजला साधारण तीन मीटरचा. वीस मजली इमारतीचा एक फेरा म्हणजे 60 मीटर, दहा फेरे म्हणजे 600. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचारा आणि पहाटेची वेळ ठेवा. चाळीत राहत असाल तर रेल्वेचा पादचारी पूलही चालतो, पण पहाटे पाचला. आठ वाजता तिथे सराव गर्दीचाच होतो.

पहिल्या आठवड्यात पाच फेरे, पुढे दर आठवड्याला एखादा वाढवत बारा-पंधरापर्यंत. पहिले दोन आठवडे खाली लिफ्टने या. तिसऱ्या आठवड्यापासून दोन फेऱ्यांची उतरण पायी, मग चार, मग सहा. इतकी सावधगिरी कशाला, तर चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो आणि उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावतो. या दुसऱ्या प्रकारच्या कामात स्नायूचे तंतू सूक्ष्म पातळीवर फाटतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुर्चीतून उठताना आई आठवते. चांगली गोष्ट अशी, की उतरणीचा एक माफक डोस मिळाला की पुढच्या वेळी तेवढीच उतरण पुष्कळ कमी दुखवते आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून दर आठवड्याला थोडी उतरण हवीच. दोन महिने नुसतं चढून शेवटी एकदम 800 मीटर उतरणं हा गुडघे बिघडवण्याचा हमखास रस्ता.

आठवडा असा लावा. मंगळवारी गप्पा मारता येतील अशा गतीने पाऊण तास, गुरुवारी जिने, शनिवारी संध्याकाळी हलका तासभर, रविवारी लांब पल्ला. शनिवार सोडू नका. थोड्या दमलेल्या पायांनी रविवार सुरू करायची सवय शर्यतीच्या उत्तरार्धात उपयोगी पडते. रविवार अडीच तासांपासून सुरू करा, तीन आठवडे अर्धा-अर्धा तास वाढवा, चौथ्या आठवड्यात दोन तासांवर या, मग पुन्हा वाढवा. सगळ्यात मोठा दिवस सहा-सात तासांचा, शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर मोठी उतरण नाही.

पाऊस जोरात असेपर्यंत रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीपर्यंतचा डांबरी रस्ता पुरे. उद्यान सोमवारी बंद असतं. रस्ता सोडून जंगलात शिरू नका. तिथे बिबटे आहेत आणि परवानगीशिवाय आत जाणं बेकायदा आहे. पाऊस ओसरला की नेरळ–माथेरान. नेरळ स्टेशन समुद्रसपाटीपासून जेमतेम 40 मीटरवर, माथेरान 800 मीटरच्या आसपास. माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यापर्यंतच्या घाटरस्त्यावर टॅक्स्या असतात, म्हणून पहिल्या गाड्यांपैकी एक पकडा. दस्तुरीच्या पुढे खासगी गाड्यांना बंदी, पायाखाली लाल माती आणि जांभा. मुंबईकराला लोकलच्या तिकिटात याहून चांगली ट्रेल नाही. ऑक्टोबरनंतर लोणावळा–राजमाची वाटही लांब आणि बऱ्यापैकी पळण्याजोगी आहे.

तीव्र चढावर पळू नका, चाला. हात मांडीवर दाबून, लहान पावलांनी, न थांबता. पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत बहुतेक जण चढ चालतच काढतात, तेव्हा झपाझप चढ चालणं हाही सरावच धरा. शर्यत अंधारात सुरू होत असेल तर हेडलॅम्प लावून दोनदा तरी पळून बघा.

चढताना काही होत नाही. उतरायला लागल्यावर वीस मिनिटांत उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टोचतं, थांबलं की कमी होतं. सूज नाही. तेल लावून, मसाजचा रोलर फिरवून झालं.
— एक वाचक, ठाणे

तपासल्याशिवाय निदान होत नाही. पण दुखण्याची जागा आणि वेळ पाहता आयटी बँडचा त्रास असण्याची शक्यता बरीच आहे. कंबरेपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखालपर्यंत जाणारा हा जाड पट्टा. गुडघा साधारण 30 अंशांत वाकलेला असताना तो हाडाच्या उंचवट्यावर दाबला जातो आणि उतरताना प्रत्येक पावलाला गुडघा नेमका त्याच कोनात भार घेतो. रोलरने बरं वाटतं, पण पट्टा सैल होत नाही; तो फार चिवट असतो. दुरुस्ती करायची ती नितंबाच्या बाजूच्या स्नायूंची आणि उतरण्याच्या पद्धतीची.

दोन ते तीन आठवडे उतरण बंद. सपाटीवर दुखणं सुरू होण्याआधी थांबाल एवढंच पळा. दिवसाआड दोन व्यायाम. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, किंचित मागे ठेवून उचलणं, 12 ते 15 वेळा, तीन फेऱ्या. दुसरा, 15 ते 20 सेंटीमीटरच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच हळूहळू, तीन सेकंद घेत, खाली टेकवणं आणि परत वर. 8 ते 10 वेळा, तीन फेऱ्या. आरशासमोर करा. गुडघा आतल्या बाजूला झुकत असेल तर पायरी कमी उंचीची घ्या. सपाटीवर अर्धा तास काहीही न दुखता पळता आलं, की 50 मीटर उतरणीपासून सुरुवात.

उतरताना शरीर मागे टाकणं ही जवळजवळ सगळ्यांची खोड. त्याने टाच पुढे पडते, पाय सरळ राहतो आणि सगळा धक्का गुडघ्यात जातो. पावलं लहान आणि भराभर, पाय शरीराच्या खाली पडेल असा, नजर तीन-चार मीटर पुढे, हात पक्ष्यासारखे थोडे बाहेर. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या उतारावर, तर लांब ढांग टाकूच नका. गुडघ्यात सूज आली, तो अडकला किंवा भार टाकताच निसटल्यासारखा वाटला, तर व्यायाम बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

दर वीस मिनिटांना पाणी प्यायचं असं ठरवून सहा तासांत जवळपास सहा लिटर प्यायलो. तरी शेवटी डोकं दुखलं, उलटी झाली, बोटं इतकी सुजली की अंगठी निघेना. पाणी कमी पडलं का?
— एक वाचक, डोंबिवली

बहुधा जास्त झालं. सुजलेली बोटं, मळमळ आणि डोकेदुखी एकत्र आली की रक्तातलं सोडियम पातळ झाल्याचा संशय घ्यायचा. ते लिटरला 135 ते 145 मिलिमोल असावं लागतं. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्के जणांचं सोडियम या पातळीच्या खाली होतं आणि त्याच्याशी सगळ्यात घट्ट संबंध होता तो शर्यतीत वजन वाढण्याचा. पळून वजन वाढलं, तर ते पाण्याचंच असतं.

घामाचा हिशेब घरी करा. कपड्यांशिवाय वजन, तासभर पळणं, अंग पुसून पुन्हा वजन. समजा 62.4 चं 61.5 झालं आणि मध्ये 300 मिलिलिटर प्यायलात, तर तासाचा घाम 1.2 लिटर. हे ऑगस्टच्या दमट हवेत एकदा आणि नोव्हेंबरच्या पहाटे एकदा मोजा. फरक बघून चकित व्हाल. गेलेला सगळा घाम भरून काढायचा नसतो. तहान लागेल तसं प्या. शेवटी वजन एक-दोन टक्क्यांनी कमी असणं ठीक, सुरुवातीपेक्षा जास्त असणं ठीक नाही.

ओआरएसची पुडी एका लिटरची असेल तर एका लिटरमध्येच घाला, अर्ध्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला 75 मिलिमोल सोडियम असतं, म्हणजे रक्तापेक्षा बरंच कमी. तेव्हा ओआरएसही ढोसून चालत नाही. दुकानातल्या ओआरएससारख्या दिसणाऱ्या गोड पेयांत सोडियम कमी आणि साखर जास्त असू शकते. पाकिटावरचे आकडे वाचा.

आणखी एक. शर्यतीत कोणी भरकटल्यासारखं बोलू लागलं, वारंवार उलट्या करू लागलं, झोपाळलं, तर त्याला पाणी पाजू नका आणि थेट रुग्णालयात न्या. 'आधी एक सलाईन लावा' ही आपल्याकडची सवय इथे घातक ठरू शकते. सोडियम आधी तपासायला सांगा. आणि पळताना आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं नकोत. ती मूत्रपिंडावर ताण आणतात आणि पाणी शरीरात अडकवतात. लघवी कोलासारखी काळपट झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर.

पळताना घ्यायचं साखरेचं जेल पोटाला सोसत नाही. घरचं काय न्यावं?
— एक वाचक, विलेपार्ले

तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं हवीत. मध्यम केळं साधारण 25 ग्रॅम, मीठ लावलेला 150 ग्रॅमचा उकडलेला बटाटा 30 ग्रॅम, लहान बिनबियांचे चार खजूर 20 ते 25. शेंगदाण्याच्या चिक्कीत तेल बरंच, ती पोटात रेंगाळते, राजगिऱ्याची हलकी. पण तुमचं पोट जेलवर नाही, बहुधा खाण्याच्या वेळेवर रुसतं : दीड तास काही न खाता एकदम खाल्लं, की काहीही सोसत नाही. पहिल्या अर्ध्या तासापासून, दर वीस-पंचवीस मिनिटांना दोन घास. लांबच्या प्रत्येक रविवारी हेच खा, पोटालाही सराव लागतो.

जुलैअखेर डेंग्यू झाला. प्लेटलेट्स आता नॉर्मल आहेत. नोव्हेंबरात 35 किलोमीटरची शर्यत आहे. बुडालेले पाच आठवडे कसे भरून काढू?
— एक वाचक, घाटकोपर

भरून काढू नका. बुडालेला सराव पुढच्या आठवड्यांत कोंबला, की पोटरी किंवा नडगी दुखते आणि आणखी पाच आठवडे जातात. प्लेटलेट्स सुधारल्या तरी डेंग्यूनंतरचा थकवा कित्येक आठवडे राहू शकतो.

डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर पहिला आठवडा रोज 20 ते 30 मिनिटं नुसतं चालणं. सकाळी उठल्याउठल्या अंथरुणातच नाडी मोजा. आजारापूर्वीच्या आकड्यापेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त असेल तर त्या दिवशी सुट्टी. दुसऱ्या आठवड्यात एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं. तिसऱ्यात सलग हलकं पळणं. जिने चौथ्या आठवड्याआधी नाहीत. छातीत दुखलं, धडधड झाली किंवा नेहमीच्या जिन्यावर भलताच दम लागला, तर थांबा आणि ईसीजी काढा. विषाणूच्या तापानंतर क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. सप्टेंबरअखेर आरामात अडीच तास जमत नसतील, तर आयोजकांना विचारून कमी अंतराच्या गटात जा. हा सल्ला कोणालाच आवडत नाही, पण आम्ही तो बदलणार नाही.

गेल्या वर्षी 38 व्या किलोमीटरला कट-ऑफ (तिथे पोहोचण्याची शेवटची वेळ) पंधरा मिनिटांनी हुकला. पाय ठीक होते. मन मात्र अजून तिथेच अडकलंय.
— एक वाचक, वसई

पाय ठीक होते, तर मिनिटं कुठे गेली ते शोधा. घड्याळातली नोंद उघडा आणि हालचाल चालू असलेला वेळ एकूण वेळेतून वजा करा. पाच मदतकेंद्रांवर प्रत्येकी बारा मिनिटं थांबला असाल, तर तासभर तिथेच गेला. तेच थांबे चार मिनिटांचे केले की चाळीस मिनिटं परत मिळतात, एक पाऊलही जास्त वेगाने न टाकता. केंद्र दिसायच्या आधीच ठरवा : बाटल्या भरणं, खाणं हातात घेणं, चालत खाणं. खुर्चीत बसायचं नाही. प्रत्येक केंद्राची कट-ऑफची वेळ कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून खिशात ठेवा.

उतरल्यावर अंगठ्याचं नख काळं पडतं.
— एक वाचक, मुलुंड

बूट अर्धा ते एक नंबर लहान आहे, किंवा लेस घोट्यापाशी सैल आहे. लांब अंतरात पाय सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी, पळायचे मोजे घालून घ्या. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. वरच्या शेवटच्या भोकातून लेसची कडी करून घोटा आवळला, की पाय पुढे सरकत नाही. नखं दोन-तीन दिवस आधी सरळ कापा. तळाचे खोबणीदार दात चार-पाच मिलिमीटरचे असले तर मातीवर पुरतात, पण शेवाळलेल्या ओल्या काळ्या कातळावर कुठलाच बूट धरत नाही. तिथे चाला.