व्हिट्रेक्टॉमी आवडते म्हणून रेटिना निवडावे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : नेत्रशल्य प्रशिक्षणाचे दुसरे वर्ष सुरू आहे, व्हिट्रेक्टॉमी (डोळ्यातील जेलीसारखा द्रव काढून पडद्यावर करायची शस्त्रक्रिया) पाहताना मन रमते, काचबिंदू विभागातील वरिष्ठ मात्र त्यांच्याकडे येण्याचा आग्रह करत आहेत आणि फेलोशिपसाठी, म्हणजे उपशाखेच्या पुढील प्रशिक्षणासाठी, अर्ज कुठे करावा हे ठरत नाही. माझे मत आधीच सांगतो. उपशाखा तिच्यातील सर्वांत देखण्या शस्त्रक्रियेवरून निवडू नये. तिची रोजची ओपीडी आणि तिच्यातील बिघडलेल्या केसेस या दोन्ही पाहून निवडावी.

रेटिनाचेच, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या शाखेचेच घ्या. शस्त्रक्रियागृहातील स्क्रीनवर मॅक्युलावरची (डोळ्याच्या पडद्याचा मधला, बारीक दिसण्याचा भाग) पातळ पापुद्र्यासारखी मेम्ब्रेन अलगद सुटताना दिसली की कोणालाही भुरळ पडते. पण रेटिना तज्ज्ञाचा बराचसा आठवडा डोळ्यात इंजेक्शने देण्यात, आजचा ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) मागच्या ओसीटीशी ताडून पाहण्यात आणि मधुमेही रुग्णाला साखरेबद्दल तेच ते पुन्हा समजावण्यात जातो. इंडायरेक्ट (पडदा तपासण्याचे डोक्यावरचे उपकरण) चढवून, स्क्लेरल डिप्रेसर या दाबणीने कडेचा भाग आत दाबत, एखादे बारीक छिद्र सापडेपर्यंत संपूर्ण परिघ शांतपणे फिरण्याचा तुम्हाला कंटाळा येत असेल, तर शस्त्रक्रियेची आवड फार काळ पुरणार नाही. शिवाय पडदा सुटलेला असून मॅक्युला अजून जागेवर असलेला रुग्ण तुमच्या सोयीची वेळ पाहून येत नाही. आणि व्यवस्थित बसवलेला पडदा काही आठवड्यांनी पीव्हीआरमुळे (पडद्यावर व्रणासारखी ऊती वाढून तो ओढला गेल्याने) पुन्हा सुटतो, तेव्हा त्याच रुग्णाला, ज्याने तुमच्या सांगण्यावरून दिवसचे दिवस मान खाली घालून काढले आहेत, दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी तयार करावे लागते. हे संभाषण ज्याला झेपते त्याने रेटिना जरूर घ्यावे.

काचबिंदूचा स्वभाव अगदी वेगळा आहे. येथे तुमचे यश रुग्णाला दिसत नाही, कारण गेलेली दृष्टी परत येत नसते. उरलेली टिकवणे एवढेच हाती असते. ट्रॅबेक्युलेक्टॉमीची (डोळ्यातल्या पाण्याला बाहेर पडायला नवी वाट करून दाब उतरवणारी शस्त्रक्रिया) खरी परीक्षा टाके घातल्यावर सुरू होते. डोळ्यातला दाब फार उतरला तर पुढची पोकळी उथळ होते आणि कोरॉइडच्या थरामागे द्रव साठतो. दाब चढू लागला तर लेझरने टाका कधी सोडायचा हे ठरवावे लागते, आणि तो एक-दोन दिवस लवकर सोडला तरी पहिलीच अडचण समोर उभी राहते. परिषदांमधील व्हिडिओंत ब्लेब (त्या नव्या वाटेवर पाणी साठून तयार होणारा फुगवटा) गळत असतानाचा तिसरा आठवडा कोणी दाखवत नाही, हे माझे जुने गाऱ्हाणे आहे. याउलट तोच रुग्ण वर्षानुवर्षे तुमच्याकडे येत राहतो, त्याच्या फील्डची (दृष्टिक्षेत्राच्या चाचणीची) पाने एकाखाली एक मांडून काय बिघडते आहे आणि काय केवळ त्या दिवसाचा थकवा आहे हे ओळखायचे असते. ज्यांना हे कोडे सोडवायला आवडते, त्यांना काचबिंदूत कंटाळा येत नाही.

कॉर्नियाबद्दल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) एवढेच सांगेन की डीमेक, म्हणजे त्याचा आतला पातळ थर बदलण्याची शस्त्रक्रिया, कितीही मोहक असले, तरी दात्याची ऊती नियमित मिळणारी नेत्रपेढी हाताशी नसेल तर ते कौशल्य हातातून निसटते. ओपीडी मात्र कोरड्या डोळ्यांनी आणि चिवट जंतुसंसर्गांनी भरलेली राहते. बालनेत्रविज्ञानात मुलाइतकाच वेळ पालकांना द्यावा लागतो. युव्हिआइटिस (डोळ्याच्या आतील दाह) आणि न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजी (डोळा आणि मेंदू यांच्या संबंधातील आजार) या विचार करणाऱ्यांच्या शाखा आहेत. शस्त्रक्रियेवाचून ज्यांचा दिवस सुना जातो त्यांनी तिकडे वळू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उपशाखा तुमच्या कारकिर्दीपेक्षा वेगाने बदलते. नेत्रशल्यविशारद रॉबर्ट माखेमर यांनी 1970 च्या सुमारास पार्स प्लाना (डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत शिरून करायची) व्हिट्रेक्टॉमी रूढ केली आणि रेटिना ही मोठ्या शस्त्रक्रियांची शाखा झाली. 2006 मध्ये रॅनिबिझुमॅब या इंजेक्शनला ओल्या मॅक्युलर डिजनरेशनसाठी (मॅक्युलाच्या ऱ्हासाचा, रक्तवाहिन्या गळण्याचा प्रकार) अमेरिकेत मान्यता मिळाली आणि त्यानंतर तिची ओपीडी इंजेक्शनांनी भरून गेली. काचबिंदूत 1996 मध्ये लॅटानोप्रॉस्ट हे थेंबांचे औषध आले आणि दिवसातून एका थेंबावर अनेक रुग्णांचा दाब आटोक्यात राहू लागला. म्हणून एखाद्या विशिष्ट तंत्रासाठी शाखा निवडणे धोक्याचे आहे. त्या शाखेतला आजार तुम्हाला रस वाटण्याजोगा असेल, तर तंत्र बदलले तरी तुम्ही तिथे टिकता.

आता जागेविषयी. नाव मोठे आहे आणि रुग्णसंख्या प्रचंड आहे एवढ्यावर भुलू नका. फेलो पहिल्या छेदापासून शेवटच्या टाक्यापर्यंत स्वतः किती शस्त्रक्रिया करतो आणि किती वेळा केवळ असिस्ट करतो, हे विचारा. आणि तो प्रश्न विभागप्रमुखांना नव्हे, तर नुकत्याच बाहेर पडलेल्या फेलोला, शक्यतो एकट्याला गाठून विचारा. गुंतागुंत झालेले रुग्ण फेलोकडेच पुन्हा येतात की वरिष्ठांकडे वळवले जातात, हेही समजून घ्या, कारण स्वतःच्या हातची गुंतागुंत पुढे काय झाली हे न पाहता बाहेर पडलेला सर्जन अर्धवट शिकलेला असतो. सर्जिकल रेटिनाला बहुधा दोन वर्षे लागतात. त्या काळात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया अजिबात मिळणार नसतील, तर फेकोचा (मोतीबिंदू अल्ट्रासाउंडने फोडून काढण्याच्या पद्धतीचा) सराव सुटतो, हे आधीच हिशेबात धरावे.

तुमच्या बाबतीत मी सुचवेन ते असे. पुढच्या पोस्टिंगमध्ये दोन्ही विभागांची संपूर्ण ओपीडी, मध्येच शस्त्रक्रियागृहात न पळता, बसून पाहा. काचबिंदूत प्रत्येक संशयित रुग्णाची गोनिओस्कोपी (डोळ्यातले पाणी निघून जाणारा कोन पाहण्याची तपासणी) स्वतः करा आणि कोन खुला आहे की बंद हे वरिष्ठांनी सांगण्यापूर्वी लिहून ठेवा. रेटिनात परिघाचे चित्र काढा, मग ते वरिष्ठांच्या चित्राशी जुळवून पाहा. ज्या विभागात आपले चुकल्यावर पुन्हा स्लिट लॅम्पकडे (डोळा तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाकडे) जावेसे वाटते, तिकडचा अर्ज भरा. वरिष्ठांच्या आग्रहाला मान जरूर द्यावा, पण पुढची तीस वर्षे ती ओपीडी तुम्हालाच चालवायची आहे.

एवढे करूनही निर्णय झाला नाही, तर घाईने अर्ज करण्यापेक्षा वर्षभर सामान्य नेत्रतज्ज्ञ म्हणून काम करण्यात मला काहीही गैर वाटत नाही. त्या काळात फेकोवर हात पक्का होतो, आणि पुढे फेकोसोबत ट्रॅबेक्युलेक्टॉमी किंवा फेकोसोबत व्हिट्रेक्टॉमी करण्याची वेळ आली की मोतीबिंदूचा भाग निर्धास्तपणे उरकून मूळ कामाकडे लक्ष देता येते.