रॅम्प आहे, पण चढता येत नाही

प्रश्न : मणक्याच्या दुखापतीमुळे माझे पती सहा वर्षांपासून चाकांची खुर्ची वापरतात. एका कामासाठी त्यांना तालुक्याच्या गावी सरकारी कार्यालयात जावे लागले. तिथे पायऱ्यांशेजारी रॅम्प आहे, पण तो इतका चढा आहे की दोघांनी ढकलूनही खुर्ची मागे घसरू लागली. तक्रार केली, तेव्हा ‘नियमाप्रमाणे रॅम्प बांधलेला आहे’ एवढेच उत्तर मिळाले. नियम नेमका काय आहे आणि दाद कुठे मागावी?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : प्रथम एक मोजपट्टी घेऊन जा. रॅम्पचा मान्य उतार 1:12 आहे, म्हणजे 1 फूट उंची चढायची असेल तर रॅम्प निदान 12 फूट लांब हवा. तीन पायऱ्यांचे जोते साधारण दीड फूट उंच असते आणि तेवढ्यासाठी 18 फूट लांबी लागते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उरलेल्या जागेत जेमतेम 6-7 फुटांचा रॅम्प बसवलेला असतो. दोन्ही बाजूंना कठडा नसतो, फरशी गुळगुळीत असते आणि तळाशी मोटारसायकली लावलेल्या असतात. अहवालात मात्र ‘रॅम्प : आहे’ अशी नोंद होते आणि तपासणी तिथेच संपते.

ही स्थिती कायद्याच्या अभावामुळे आलेली नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा 2016 चा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याच्या कलम 44 प्रमाणे सुगम्यतेचे, म्हणजे अपंग व्यक्तींना अडथळ्याविना वापर करता यावा यासाठीचे, निकष पाळले नसतील तर बांधकाम परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी कलम 45 ने नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून 2017 मध्ये आले, त्यामुळे प्रकरणानुसार मिळू शकणारी मुदतवाढ सोडली तर ती मुदत जून 2022 मध्येच संपली आहे. त्याआधी, 3 डिसेंबर 2015 रोजी, केंद्र सरकारने सुगम्य भारत अभियान सुरू केले होते. इमारती, वाहतूक आणि माहिती-संपर्क साधने या तिन्ही क्षेत्रांतील अडथळे दूर करणे हा त्याचा हेतू होता. त्याच महिन्यात ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्दही पुढे आला. पाट्या बदलल्या त्या वेगाने जोती बदलली असती, तर आपल्याला हे पत्र लिहावे लागले नसते.

खरी गोम नियमांच्या मसुद्यात होती. कायद्याचे कलम 40 बंधनकारक निकष ठरवायला सांगते, पण त्याखालच्या नियम 15 ने ते निकष मार्गदर्शक तत्त्वांच्या स्वरूपात ठेवले, म्हणजे पाळले तर उत्तम, न पाळले तरी चालेल असा अर्थ काढायला वाट ठेवली. राजीव रतुरी या दृष्टिहीन अर्जदारांच्या जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी नियम 15(1) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान बंधनकारक निकष तीन महिन्यांत वेगळे काढण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. ही याचिका 2005 ची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या सहा वर्षांच्या त्रासाची जातकुळी समजते.

आता व्यवहाराचे सांगतो. कार्यालयप्रमुखाच्या नावे लेखी अर्ज द्या. त्यात रॅम्पची उंची आणि लांबी आकड्यांत लिहा, छायाचित्र जोडा आणि पोच घ्या. रॅम्प दुरुस्त होईपर्यंत संबंधित कर्मचाऱ्याने तळमजल्यावर येऊन काम करून द्यावे, अशी मागणी त्याच अर्जात करा. कायदा अशा वाजवी सोयीची अपेक्षा धरतो, त्यामुळे ती मेहेरबानी म्हणून मागू नका. दखल घेतली नाही, तर पुण्यातील राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. आयुक्तांनी शिफारस केल्यास संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी लागते किंवा शिफारस न मानण्याची कारणे द्यावी लागतात, आणि ती कारणे तक्रारदारालाही कळवावी लागतात. कलम 89 मध्ये पहिल्या उल्लंघनासाठी 10 हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर 50 हजार ते 5 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आणखी एक सुचवतो. तक्रार केवळ रॅम्पपुरती ठेवू नका. फाटकापासून खिडकीपर्यंत आणि तिथून स्वच्छतागृहापर्यंत खुर्ची जाते का, हे पाहून लिहा. रॅम्प नीट झाला आणि आतला उंबरठा तसाच राहिला, तर पुढच्या खेपेला आपण दोघे तिथेच अडाल.

प्रश्न : मी दृष्टिहीन विद्यार्थी आहे. मोबाईलवरून बँक खाते उघडताना ‘डोळे मिचकावा’ अशी सूचना येते आणि प्रक्रिया तिथेच थांबते. हा अडथळा कायद्याच्या कक्षेत येतो का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : येतो. प्रज्ञा प्रसून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. अर्जदारांमध्ये अॅसिड हल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्ती होत्या, आणि सोबतची याचिका एका दृष्टिहीन व्यक्तीची होती. ग्राहक प्रत्यक्ष समोर आहे हे पडताळण्यासाठी पापण्या मिचकावण्याखेरीज अन्य पर्याय द्यावेत आणि संकेतस्थळांची व अॅपची सुगम्यता तपासणी नियमित व्हावी, असे निर्देश न्यायालयाने दिले. बँकेकडे लेखी तक्रार करताना या निकालाचा उल्लेख अवश्य करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तोवर शाखेत जाऊन खाते उघडण्याचा मार्ग खुला आहे. मात्र तक्रार त्यासाठी मागे घेऊ नका, कारण बँकेच्या नोंदीत ‘ग्राहकाचे काम झाले’ असा शेरा पडला की अॅप आहे तसेच राहते.