हॉबच्या (ओट्यात बसवलेल्या शेगडीच्या) मागच्या भिंतीवर प्लग पॉईंट घेतला तर चालेल का?

नाही. ओटा लहान आहे, बाजूला जागा नाही असं तुम्ही लिहिलंय, तरीही नाही. हॉबच्या कडेपासून बाजूला निदान एक फूट सोडा, सिंकपासूनही तेवढंच.

मी नागपुरात वायरिंगची कामं करतो आणि याच पॉईंटवरून माझं आणि माझ्या साडूभाऊंचं वाजलेलं आहे. बेसा रोडला त्यांनी फ्लॅट घेतला, तेव्हा भिंतीला खाचा मारायच्या आधी मी ओट्यावर खडूने हॉबची चौकट आखून दाखवली होती. किचनवाल्याच्या थ्रीडी चित्रात बोर्ड बरोबर हॉबच्या मागे, मधोमध. मी म्हटलं, हा बाजूला घ्या. साडूभाऊ म्हणाले, "तुम्हा वायरमन लोकांना दिसण्याचं काही पडलेलं नसते. डिझायनर काय मूर्ख आहे का?" मी ते काम सोडलं. त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं.

मग एका मे महिन्यात मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, मेन सारखा पडून राहिला. वायरमन म्हणते आरसीसीबी काढून टाकू." आरसीसीबी म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा बंद करणारा स्विच. मी म्हटलं, कोणी हात लावू नका, येतो.

प्लेट उघडली तर स्क्रू तेलाने बुळबुळीत, आत बॉक्समध्ये ओल, सॉकेटची खालची कड तपकिरी पडलेली. मिक्सरची वायर मागच्या बर्नरवरून आडवी जायची. एका जागी तिचं आवरण वितळून चकचकीत झालं होतं आणि त्याच्या शेजारच्या चिरेतून तांबं दिसत होतं. त्या घरात रविवारी सावजी रस्सा तासभर उकळतो, मोठ्या पातेल्याखालून आच थेट भिंतीकडे जाते. साध्या पीव्हीसी वायरची मर्यादा ७० अंश. नागपुरात मे महिन्यात बाहेरच ४५ असतात, पश्चिमेची भिंत शेगडी पेटवायच्या आधीच तापलेली असते. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडतो, पडण्यासाठीच तो बसवलेला असतो. तो काढून टाका म्हणणाऱ्याला घरात घेऊ नये.

साडूभाऊंचं म्हणणं, मिक्सरची वायरच हलकी होती. अहो, चांगली असती तरी जाळावरून गेल्यावर तिचं काय होणार? शिवाय प्लग काढायला दरवेळी उकळत्या पातेल्यावरून हात न्यावा लागतो, साडीचा पदर असतो, लहान मुलं असतात. शेवटी त्यांनी प्लेट आणि मिक्सरची वायर बदलली, आरसीसीबी माझ्या आग्रहाने राहिला. पॉईंट आहे तिथेच आहे. घरातल्या प्रत्येक लग्नात हा विषय निघतो.

माझं स्पष्ट मत आहे, ड्रॉइंगमध्ये आधी हॉब आणि सिंक पक्के करा, मगच पॉईंट. चित्र आधी आणि वायरमन नंतर, ही पद्धतच चुकीची आहे. चिमणीचा पॉईंट चिमणीच्या वर, बाजूच्या कपाटात घ्या, हॉब आणि चिमणीच्या मधल्या पट्ट्यात नको. सिलिंडर ओट्याखाली असेल तर त्या कप्प्यात एकही सॉकेट नको. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला की खाली साचतो, आणि बटण दाबताना ठिणगी उडते. हॉबच्या लायटरसाठी पॉईंट लागतच असेल तर तो या कप्प्याबाहेर, किंवा सरळ बॅटरीवाला हॉब घ्या.

तुमच्या लहान ओट्यासाठी, ओटा जिथे आडव्या भिंतीला टेकतो त्या भिंतीवर पॉईंट घ्या. मात्र तिथूनही वायर हॉबवरून येत असेल तर तीही जागा बाद. हे सगळं गॅसच्या हॉबचं झालं. इंडक्शन घेणार असाल तर २००० वॅटला जवळपास ९ अँपिअर लागतात, तिथे ६ अँपिअरचं सॉकेट चालणार नाही, १६ चं आणि मीटरच्या बोर्डापासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची वायर घ्या. कंपनीच्या पुस्तिकेत माझ्यापेक्षा जास्त अंतर दिलं असेल तर ते पाळा.

आणि साडूभाऊ हे वाचत असतील तर, उरलेल्या टाइल्सचा बॉक्स तुमच्या माळ्यावर मी पाहिलाय. पॉईंट सरकवायला तेवढ्या पुरतात. दिवस सांगा, मी येतो.